फलकावरची सोडलेली ओळ

आमच्या कॉलेजला पंचवीस वर्षं झाली आणि स्मरणिका काढायचं ठरलं, तेव्हा 'आमची प्राचार्य-परंपरा' हा लेख माझ्या गळ्यात पडला. मी इतिहास शिकवते म्हणून, असं प्राचार्य धारप सरांनी सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. स्टाफरूममधल्या बाकी सगळ्यांनी आधीच कसली ना कसली समिती पकडून ठेवली होती, आणि त्या दिवशी मी रजेवर होते. गैरहजर माणसाच्या नावावर काम लिहायची परंपराही आमच्याकडे पंचवीस वर्षांचीच आहे.

हे सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतरचं. ऑफिसात गेले, तर हेडक्लार्कने तीन पिवळे कागद माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "बाकी सगळं धाकूला विचारा ना मॅडम. फायलीत नाही ते त्याच्या डोक्यात असतं."

धाकू घाडी म्हणजे प्राचार्यांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसणारा शिपाई. कणकवलीच्या पुढचा. आधी परळला मिलमध्ये बदली कामगार होता, बासष्ट सालापासून इथे. काटक बांधा, खाकी कपडे, कानावर पेन्सिल, आणि मांडीवर कायम ती लांबट वही, प्यून बुक. बाहेर टपाल हाती द्यायचं आणि घेणाऱ्याची त्या वहीत सही घ्यायची, हे त्याचं मुख्य काम. सही घेतल्याशिवाय तो पाकीट सोडायचा नाही. एकदा धारप सरांच्या बायकोने सरांसाठी डबा पाठवला, तेव्हा त्याने सरांची सही घेतली होती.

त्याची माझी ओळख मी याच कॉलेजात शिकत होते तेव्हापासूनची. तेव्हा मी त्याच्यासाठी 'गो चेडवा', म्हणजे 'अगं पोरी', होते. शिकवायला लागल्यावर चारचौघांत 'म्याडम' झाले, आणि आजूबाजूला कुणी नसलं की पुन्हा 'गो'. चाळीस वर्षं मुंबईत काढून त्याचं बोलणं अर्धं मालवणी, अर्धं अंधेरीचं झालं होतं. मन हललं की मात्र पूर्ण मालवणी.

"प्रिन्सिपॉल कसो आसा तां दारावरून कळता," लेखासाठी विचारायला बसले त्या पहिल्याच दिवशी त्याने मला सांगितलं. मी हसले, पण लिहून घेतलं, आणि पुढे त्या एका वाक्यावर माझा निम्मा लेख उभा राहिला.

पहिले प्राचार्य मार्तंड उपासनी. त्यांच्या वेळी दारच नव्हतं. कॉलेज म्युनिसिपल शाळेच्या मागच्या शेडमध्ये दुपारी भरायचं आणि प्राचार्यांच्या खोलीला गोणपाट लावलेलं असायचं. त्याआधी अंधेरी पूर्वेच्या पोरांना कॉलेजसाठी लांब जावं लागे, आणि मुलींना तर घरीच बसावं लागे. उपासनी सर रविवारी धाकूला बरोबर घेऊन गुंदवली, मरोळ, पार सहारपर्यंत घरोघर फिरायचे. मॅट्रिक झालेली मुलगी घरात आहे असं कळलं, की तिच्या बापासमोर ठाण मांडायचे. "चाय देईपर्यंत उठायचे नाय, आणि चाय दिली की पोरीचा फॉर्म भरूनच उठायचे," धाकू म्हणाला. पहिल्या वर्षी शंभर मुलांत एकवीस मुली होत्या. हे मी मस्टरमध्ये मोजलं.

दुसरे प्राचार्य चंद्रप्रकाश नाडकर्णी. त्यांच्या वेळी ही इमारत झाली, प्रयोगशाळा आल्या, विज्ञान शाखा आली आणि केबिनला सागवानी दार आलं. त्या दारावर हिरवा पडदा. आत जायला चिठ्ठी लागायची. फाटक आठला बंद. निकाल सुधारला, कॉलेजचं नाव झालं, हेही खरं. पण धाकूच्या मते त्या चार वर्षांत त्या स्टुलावर बसून तो फक्त एकच वाक्य बोलला: साहेब कामात आहेत.

"मग?" मी विचारलं.

धाकूने पेन्सिल कानावरून काढली आणि परत कानावर ठेवली. "मग नाडकर्णी सर पुण्याक गेले. मग काय, आता धारप सर."

इथे तो खोटं बोलत नव्हता, पण लपवत होता, आणि हे मला कळायला वेळ लागला नाही. कारण मधले सतरा महिने मीच पाहिले होते.

चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये मी वेसाव्याहून पहिल्यांदा या कॉलेजात आले, तेव्हा प्राचार्यांच्या खुर्चीवर कर्णिकबाई होत्या. नलिनी कर्णिक, इतिहासाच्या. नाडकर्णी सर अचानक गेले म्हणून ट्रस्टने त्यांच्याकडे कारभार सोपवला होता. आल्या आल्या त्यांनी तो हिरवा पडदा काढला आणि त्याचे डस्टर शिवून घेतले. त्या डस्टरांनी आम्ही दोन वर्षं फळे पुसले. आणि दुसरं म्हणजे, त्यांनी सकाळचे वर्ग सुरू केले. सहा चाळीस ते सव्वानऊ. मरोळच्या कारखान्यांत दुसऱ्या पाळीला जाणारी मुलं त्या वर्गांना यायची आणि वेसाव्याच्या आम्ही सात जणी यायचो. सव्वानऊला सुटलं, की धावत बाजारात आईच्या टोपलीशी. माझी आई अंजनाबाई हिने 'बाजाराच्या टायमाला हजर हवीस' एवढ्या अटीवर मला शिकू दिलं. दुपारचं कॉलेज असतं, तर मी आज पापलेटचा भाव सांगत असते. त्यात वाईट काही नाही, पण मला ते करायचं नव्हतं.

पंच्याहत्तरच्या दिवाळीनंतर धारप सर आले. बाई परत वर्गात शिकवायला लागल्या. आम्हाला वाटलं, असंच असतं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलींना खुर्चीचं काय कळतं. मग एकोणऐंशीला ट्रस्टने सकाळचे वर्ग बंद केले. माझी बहीण मालन तेव्हा अकरावीला होती. तिने वह्या आवरल्या आणि टोपली घेतली. ती गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही, आणि जायलाही नको.

तर, लेखासाठी नावं उतरवून घ्यायला मी जिन्याजवळच्या फलकापाशी गेले. काळा लाकडी फलक, सोनेरी अक्षरं, 'प्राचार्य नामावली'. रोज त्याच्यासमोरून जात होते, पण वाचला कधीच नव्हता. उपासनी, बासष्ट ते सत्तर. नाडकर्णी, सत्तर ते चौऱ्याहत्तर. मग एक ओळभर मोकळी जागा. मग जयवंत धारप, पंच्याहत्तरपासून. हेडक्लार्क म्हणाला, "पेंटरची चूक. शहात्तरला लिहिला तेव्हापासून तसाच आहे."

मी तडक धारप सरांकडे गेले. त्यांच्या केबिनला अर्धं दार आहे, सलूनला असतं तसं. खालून पाय दिसतात, वरून डोकं, आणि आत बोललेलं स्टुलावर बसलेल्या माणसाला सगळं ऐकू येतं.

"कर्णिकबाईंचं नाव परंपरेत येत नाही," धारप सर म्हणाले. ते सौम्य माणूस. आवाज चढवायचे नाहीत, पण जागाही सोडायचे नाहीत. "त्यांना कायम करायचा प्रस्ताव विद्यापीठात जायचा होता. त्यांनी तो वेळेत पाठवला नाही. आवक-जावक रजिस्टरमध्ये त्यांच्याच हातची नोंद आहे. ट्रस्टने तेव्हाच ठरवलं, ज्यांना स्वतःचे कागद सांभाळता आले नाहीत त्यांचं नाव नको. जुनं उकरू नका, वसुधा मॅडम."

मी रजिस्टर मागितलं. सप्टेंबर पंच्याहत्तर. बाईंचं उभट अक्षर: 'प्रस्ताव माझ्याकडून वेळेत गेला नाही.' खाली सही, आणि सहीखाली 'प्रभारी प्राचार्या'.

मला पटलं नाही. सहा चाळीसच्या वर्गाला बाई सहा पस्तीसला फळ्यापाशी उभ्या असायच्या. अशी बाई कागद विसरते? आणि त्या विसरल्या, तर आमचे वर्ग, मालनचं शिक्षण, सगळं एका विसरण्यापायी गेलं? मी रागारागाने अर्धं दार ढकलून बाहेर आले. दार माझ्यामागे चार वेळा हललं.

धाकू स्टुलावरून उठून उभा होता. "जरा फलकाकडे येता?" तो म्हणाला. 'गो' नाही आणि 'म्याडम'ही नाही.

फलकासमोर त्याने त्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. "पेंटर चुकलो नाय. मियाच सांगलंय तेका, एक ओळ सोड. आणि बाई पण चुकली नाय. तां पाकीट माझ्याकडे होता."

मग त्याने सांगितलं. त्या वर्षी मंगळवारी चतुर्थी होती. शनिवारी दुपारी बाईंनी त्याच्या हातात प्रस्तावाचं पाकीट दिलं. विद्यापीठात सोमवारपर्यंत पोचायला हवं होतं. धाकूची रजा दुपारपासून सुरू होत होती. त्याने ठरवलं, की वाटेत परळला भाऊ दत्ताराम राहतो त्याच्या खोलीवर सामान टाकायचं, चर्चगेटला विद्यापीठात जाऊन पाकीट द्यायचं, सही घ्यायची, आणि परत परळला येऊन गावची एसटी पकडायची. खोलीवर पोचला तर गाडी लवकर सुटणार म्हणून सगळी चाळ जिन्यावर. दत्तारामने धाकूची पिशवी पाकिटासकट उचलून ट्रंकेत कोंबली, वर मखराचे कागद, कापूर, अगरबत्त्या, नारळ. पोरं, बायका, बोचकी, आरडाओरडा. गाडी पनवेलच्या पुढे गेली तेव्हा त्याला आठवलं.

"रविवारी सकाळी गावाक पोचलंय. ट्रंक उघडली. पाकीट तळाक होता. जरा चुरगळलेला, पण बरा होता." तो थांबला. "बरां, आता झालां ता झालां."

एवढंच त्याने सांगितलं आणि परत स्टुलावर जाऊन बसला.

त्या दिवशी मला त्याच्यावर माया आली असं मी म्हणणार नाही. मला त्याचा इतका राग आला, की लेक्चर अर्धवट सोडून मी घरी गेले. गणपतीचं मखर, आणि त्याखाली एका बाईची खुर्ची, आणि त्या खुर्चीखाली माझ्या बहिणीच्या वह्या. आई मासळी निवडत होती, मालन बाजूला बसून विळी धुवत होती. मी सगळं ओकून टाकलं. मला वाटलं, मालन तरी चिडेल. तिने विळी उलटी करून ठेवली आणि म्हणाली, "बिचारा."

आईने मान वर केली नाही. "नारली पुनवेचे दिशी तू तरी घर सोरून आयली असतीस का?"

नारळी पौर्णिमेला मी एकदा एमएचा पेपर बुडवला होता, हे आईला ठाऊक नव्हतं. मला होतं.

पुढच्या रविवारी मी सांताक्रूझला कर्णिकबाईंकडे गेले. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. धाकट्या बहिणीकडे राहत होत्या. घरावरून विमान गेलं, की बाई वाक्याच्या मध्येच थांबायच्या आणि आवाज विरला, की नेमक्या त्याच शब्दापासून पुढे बोलायच्या. वर्गातही त्या तशाच होत्या, बाहेर वरात गेली तरी.

मी सांगितलं, की मला सगळं कळलं आहे आणि मी ते लेखात लिहिणार आहे.

"लिहू नकोस," त्या म्हणाल्या. "धाकूची निवृत्ती कधी?"

"फेब्रुवारीअखेर."

"मग मुळीच लिहू नकोस. पंचवीस वर्षं त्या माणसाने एक पाकीट हरवलं नाही. हे एक छापून आलं, तर लोकांच्या तेवढंच लक्षात राहील."

"पण तुम्ही त्याची चूक स्वतःच्या नावावर घेतलीत."

"नाही गं," बाई म्हणाल्या. "मी रजिस्टरमध्ये खोटं लिहिलेलं नाही. प्रस्ताव माझ्याकडूनच उशिरा गेला. ट्रस्टने सांगितल्यापासून आठ दिवस तो कागद माझ्या टेबलावर पडून होता. त्यात लिहायचं होतं, की मी या पदाला का योग्य आहे. स्वतःच्या हाताने स्वतःचं कौतुक. रोज दोन ओळी लिहायचे आणि तीन खोडायचे. उपासनी सरांना असं कधी वाटलं नसतं, नाडकर्णींना तर नाहीच. शनिवारी दुपारी शेवटी धाडस केलं आणि पाकीट चिकटवलं. तेही गणपतीला निघालेल्या माणसाच्या हाती दिलं. मग चूक कुणाची?"

विमान गेलं. बाई थांबल्या. मी विचारलं, "तुम्हाला नाव नको आहे का त्या फलकावर?"

त्यांनी बराच वेळ चहाच्या कपाचा कान धरून ठेवला. "हवं होतं. अजूनही हवंय. सहा वर्षं त्या जिन्याने चढले-उतरले, त्या मोकळ्या जागेकडे एकदाही न बघता गेले नाही. ती जागा कुणी सोडून ठेवलीय हे मला ठाऊक होतं. पण त्या माणसाच्या पाठीवर पाय देऊन मला तिथे चढायचं नाही. कळलं?"

कळलं होतं. निघताना मी त्यांच्या पाया पडले, तेव्हा मला रडू आलं, आणि बाईंनी नेहमीप्रमाणे 'पुरे' म्हटलं.

सोमवारी मी धाकूला बाईंचं सगळं बोलणं सांगितलं. मला वाटलं, सुटल्यासारखं वाटेल त्याला. तो स्टुलावर बसूनच ऐकत होता. आठ दिवस कागद टेबलावर पडला होता हे ऐकलं, तेव्हा त्याने मान हलवली. "तां माका ठावक आसा. रोज टेबल पुसी मीच." मग उठला, टोपी काढली आणि मला म्हणाला, "चल गो, आत."

अर्धं दार त्याने स्वतः ढकललं. चिठ्ठी नाही, विचारणं नाही. धारप सर काहीतरी तपासत होते. धाकूने त्यांच्यासमोर उभं राहून सगळं पुन्हा सांगितलं, शुद्ध बोलायचा प्रयत्न करत. परळ, ट्रंक, मखर. मी जे ऐकलं होतं तेच. मला वाटलं, संपलं. पण तो थांबला नाही.

"साहेब, ह्या म्याडमना मी एक सांगितलं नाही. पाकीट सापडलं रविवारी सकाळी. संध्याकाळी पाच वाजता गावातून मुंबईची गाडी होती. सोमवारी सकाळी परळला उतरलो असतो, साडेदहाला पाकीट विद्यापीठात असतं. त्या दिवसांत मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना मुंगी शिरायला जागा नसते, पण मुंबईला जाणारी रिकामी असते. अख्खी गाडी रिकामी. मी फाट्यावर उभो होतंय. कंडक्टरान इचारल्यान, येतंस? हातात पाकीट होता." त्याची भाषा त्याच्या हातातून सुटली. "माजो बापूस अंथरुणार होतो. म्हणालो होतो, औंदा गणपती तूच घराक हाड, पुढल्या वर्सा मी आसन की नाय. मी नको म्हणालंय कंडक्टराक. गाडी गेली. ती जाताना मी बघलंय. मी इसरलंय नाय, साहेब. माका आठवला, आणि मी गेलंय नाय."

बाहेर तास संपल्याची घंटा झाली.

"वडील?" धारप सरांनी विचारलं.

"दसऱ्याला गेले."

धारप सरांनी चष्मा काढला. "बस, धाकू."

त्या केबिनमध्ये धाकू पंचवीस वर्षांत कधी बसला नव्हता. खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला, उठायच्या बेतात.

"मी इथे आलो त्या दिवशी बाईंनी मला किल्ल्या दिल्या," धारप सर म्हणाले. "एकेक कपाट उघडून दाखवलं. कुठल्या खिडकीतून पाणी येतं ते सांगितलं. इतक्या सहज, की मी समजलो, यांना ही जागा नकोच होती. सकाळचे वर्ग बंद होत होते, तेव्हा त्या एकदाच या दारात आल्या. मी म्हटलं, ट्रस्टचा निर्णय आहे. त्या बरं म्हणाल्या आणि गेल्या." ते माझ्याकडे वळले. "तुमच्या बहिणीचं मला माहीत आहे मॅडम. तुम्ही मुलाखतीला आलात तेव्हा बोललात. त्या दिवशीही मी गप्प बसलो."

मी धाकूच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

"हे जे धाकूने सांगितलं ते मी कुठेही लिहिणार नाही," ते म्हणाले. "बाईंची तशी इच्छा असेल तर नाहीच."

"मग नाव कशाच्या आधारावर लावणार?"

"सतरा महिने या कॉलेजातून मुलांना दाखले गेले. त्यांच्यावर सही कुणाची? ते दाखले खोटे होते का?" आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "हे मला बारा वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं."

ट्रस्टच्या बैठकीत काय झालं ते मला तिथल्या एका सभासदाकडून कळलं. धारप सरांनी सांगितलं म्हणे, की रौप्यमहोत्सवाच्या व्यासपीठावर आपल्या नावाची खुर्ची ठेवायची असेल, तर आधी फलकावर कर्णिकबाईंचं नाव येईल. सौम्य आवाजातच सांगितलं, पण या खेपेला त्यांचं न हलणं कामी आलं. ट्रस्टने शेवटी मान्य केलं. फक्त नावापुढे कंसात 'प्रभारी' लिहायची अट घातली.

दशरथ पेंटर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात डबे घेऊन आला. शहात्तरला फलक लिहिणारा तोच. त्याने फूटपट्टी लावली, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाला, नाव बसेल, साल बसेल, कंस बसणार नाही. बारीक अक्षरात घातला तर अख्ख्या फलकाची वाट लागेल. धारप सर म्हणाले, मग राहू दे. पेंटरला सकाळपासून धाकूने तीन वेळा चहा पाजला होता, हे मी पाहिलं होतं. पण इतिहास लिहिणाऱ्याने सगळंच लिहायला हवं असं नाही.

अक्षरं लिहून झाली आणि वर वर्तमानपत्राचा कागद चिकटवला. समारंभ चार मार्चला, तेव्हा तो काढायचा होता. धाकूची नोकरी मात्र फेब्रुवारीअखेर संपत होती. अठ्ठ्याऐंशी हे लीप वर्ष, म्हणून एक दिवस जास्त मिळाला, एकोणतीस तारीख, सोमवार. "देवान दिलो," तो म्हणाला. त्या दिवशी त्याने स्टूल पुसलं, किल्ल्या जमा केल्या, आणि हेडक्लार्ककडून कर्णिकबाईंच्या निमंत्रणाचं पाकीट मागून घेतलं. बाकी सगळी निमंत्रणं पोस्टाने गेली होती. हे एक त्याने आठ दिवस अडवून धरलं होतं.

मीही निघाले. "या खेपेला पाकीट पोचेपर्यंत मी बरोबर," मी म्हटलं. असं त्याला चिडवता येतंय, हे माझं मलाच नवल वाटलं. तो हसला. पाकीट त्याने शर्टाच्या आत, छातीशी ठेवलं होतं.

सांताक्रूझला बाईंनीच दार उघडलं. तेरा वर्षांपूर्वी गणपतीहून परतल्यावर त्याने ते चुरगळलेलं पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं होतं. त्यानंतर त्या विषयावर दोघांत एक शब्द झाला नव्हता. आताही झाला नाही. धाकूने पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं. बाईंनी फोडलं, वाचलं. त्यांच्या ओठांची हालचाल थांबली, आणि वरून विमान जात नसतानाही त्या मध्येच थांबल्या.

"धाकू," त्या म्हणाल्या. "बाप बघायला मिळाला ना तुला त्या वर्षी?"

"मिळालो, बाईंनु."

"मग झालं तर."

धाकूने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग पिशवीतून प्यून बुक काढलं, पान उघडलं, कानावरची पेन्सिल न देता खिशातलं शाईचं पेन दिलं. बाईंनी दाराच्या चौकटीला वही टेकवून सही केली आणि वही परत करायला लागल्या.

त्याने घेतली नाही.

"हुद्दो लिवा," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सतरा महिने त्यांनी सहीखाली जे दोन शब्द लिहिले होते, त्यांतला पहिला लिहिण्यासाठी पेन टेकलं असावं, कारण कागदावर एक ठिपका उमटला. मग त्यांनी पेन उचललं, थोडं पुढे नेलं आणि उभट अक्षरात एकच शब्द लिहिला: प्राचार्या.

धाकूने फुंकर घालून शाई वाळवली. मग वही मिटली आणि कॉलेजात जमा करायची म्हणून पिशवीत ठेवली, सगळ्यात वर.